उपसा

ज्यांच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे त्यांना उपसा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पावसाळा लागला की भिंतींतून पाणी झिरपायला लागतं, कोपऱ्यातल्या खड्ड्यात जमतं आणि तिथे बसवलेली मोटर ते खेचून बाहेर सोडते. मोटर धडधडत असते तोवर फरशी जेमतेम ओली. वीज गेली की थोड्या वेळात बाइकची चाकं पाण्यात. आता समजा एखादा पाहुणा ती कोरडी फरशी बघून म्हणाला, "वा, तुमच्या बिल्डरनं वॉटरप्रूफिंग झकास केलंय हो!" तर आपण हसू. पण अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंबद्दल भले भले शास्त्रज्ञ बरीच वर्षं हेच म्हणत होते. आत औषध सापडत नाहीये ना, मग ते आत शिरतच नसणार.

या चुकीची आणि ती कशी सुधारली त्याची गोष्ट मी गेले दोन-तीन विकांत वाचत बसलोय. (मी पोटासाठी कोड लिहितो, औषधं नाही. त्यामुळे हे वाचून कोणी गोळ्या बदलू नयेत!)

पुण्यात राहून अँटिबायोटिकचा विषय काढायचा तर सुरुवात पिंपरीपासून करायला हवी. आज पिंपरी-चिंचवड म्हटलं की गाड्यांचे कारखाने आठवतात, पण तिथल्या कारखानदारीची सुरुवात झाली ती औषधापासून. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची 'एचए'. १९५४ मध्ये सरकारनं ही कंपनी काढली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं. १९५५ मध्ये पेनिसिलीन तयार व्हायला लागलं आणि १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी रीतसर उद्घाटन केलं. पुढे १९६०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनही तिथे बनायला लागलं. नव्वदच्या दशकात कंपनी तोट्यात गेली, त्यानंतरच्या बातम्या बहुतेक थकलेले पगार आणि जमीन विकायची की नाही अशाच. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

एचएबद्दल मला एक गोष्ट माहीतच नव्हती, ती म्हणजे तिथे नुसतं उत्पादन नव्हतं, संशोधनही जोरात होतं. त्यांचं स्वतःचं शास्त्रीय नियतकालिक होतं. एम. जे. तिरुमलाचार नावाचे बुरशीशास्त्रज्ञ तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांनी मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाला नाव दिलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. हो, आपल्या पिंपरीवरून! या पिंप्रिनापासून एक बुरशीनाशक औषध निघालं, त्याचं नाव हमायसिन. त्यातला 'ह' हिंदुस्थानचा आणि 'अ' अँटिबायोटिक्सचा. या हमायसिनकडे मी पुन्हा येणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

जंतू औषधाला दाद का देत नाहीत, याचं पहिलं उत्तर पेनिसिलीननंच दिलं होतं, आणि तेही औषध धडपणे रुग्णांपर्यंत पोचायच्या आत. १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या एब्रहॅम आणि चेन या दोघांना असे जंतू सापडले की ज्यांच्याकडे पेनिसिलीन मोडून टाकणारं एन्झाइम होतं. म्हणजे शत्रूची तलवार हातात आली की सरळ तिचे तुकडे करायचे. हे उत्तर इतकं समाधानकारक होतं की पुढे कुठलंही औषध निकामी झालं की आधी तेच शोधलं जायचं, ते मोडलं का?

टेट्रासायक्लिननं घोळ घातला. या कुळातलं पहिलं औषध ऑरिओमायसिन, १९४८ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीतून आलं. (तिथले संशोधन संचालक होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ते गेले.) स्वस्त, गोळीच्या रूपात घेता येणारं, अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारं. लोकांनी ते पोटभर वापरलं. माणसांना तर दिलंच, पण कोंबड्या आणि डुकरं लवकर वाढतात म्हणून त्यांच्या खाद्यातही घातलं. १९५०च्या दशकातच जपानमध्ये हगवणीचे जंतू याला आणि सोबत आणखी दोन-तीन औषधांना एकदम जुमानेनासे झाले.

मग तपास सुरू झाला. औषध मोडलं जातंय का? नाही, जसंच्या तसं सापडतं. मग ज्या ठिकाणी ते जाऊन अडकतं, म्हणजे पेशीतला प्रथिनं बनवणारा रायबोसोम, तो बदललाय का? ई-कोलायच्या बाबतीत तसंही नव्हतं. रायबोसोम बाहेर काढून त्याच्यावर औषध टाकलं की तो गुपचूप बंद पडायचा. फरक एकच होता. दाद न देणाऱ्या जंतूच्या पोटात औषध फार कमी सापडायचं. निष्कर्ष उघड वाटतो, नाही का? दार बंद केलंय! पाठ्यपुस्तकांतही तसंच गेलं.

आपल्या धंद्यात हे रोज होतं. मेमरी कमी भरलेली दिसली तर डेटा आलाच नाही की आला आणि कोणीतरी साफ केला, हे नुसता आकडा बघून कळत नाही. मधला प्रवाह बघावा लागतो.

बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात स्टुअर्ट लेवी यांची प्रयोगशाळा होती. १९७४ मध्ये त्यांना आणि लॉरा मॅकमरी यांना दिसलं की दाद न देणारा ई-कोलाय टेट्रासायक्लिनच्या संपर्कात आला की एक नवं प्रथिन बनवतो आणि ते पेशीच्या पापुद्र्यात जाऊन बसतं. औषध नसेल तर प्रथिन नाही, औषध आलं की हजर. पण ते तिथे करतं काय? दाराला लागलेलं कुलूप होतं की आणखी काही?

पहिला धागा विजेचा. पेशीला ऊर्जा मिळू न देणारं एक रसायन टाकलं, तर दाद न देणाऱ्या जंतूच्या आत औषध वाढायला लागलं. आता बघा, कुलूप वीज गेली म्हणून उघडत नाही. वीज गेल्यावर पाणी चढतं ते मोटर बंद पडल्यामुळे.

पक्का पुरावा मिळाला १९८० मध्ये, आणि तो प्रयोग मला फार आवडला. जंतू मोठ्या दाबाखाली फोडले की त्यांच्या पापुद्र्याचे तुकडे पुन्हा जुळून बारीक बारीक फुगे तयार होतात. यातले पुष्कळ फुगे उलटे असतात, म्हणजे मोजा उलटा केल्यावर आतली बाजू बाहेर येते ना, तसे. आता जर दार बंद असेल, तर उलट्या फुग्यालाही ते बंदच असणार, औषध आत जाणार नाही. पण जर तिथे बाहेर फेकणारा पंप असेल, तर उलट्या फुग्यात तो पंपही उलटा बसलेला असणार. म्हणजे तो औषध आत भरणार! मॅकमरी, पेट्रुची आणि लेवी यांनी खूण केलेलं किरणोत्सर्गी टेट्रासायक्लिन टाकून बघितलं. दाद न देणाऱ्या जंतूंच्या फुग्यांनी ते भराभर आत ओढून घेतलं. साध्या जंतूंच्या फुग्यांनी नाही. टेट्रासायक्लिनविरुद्धची चार वेगवेगळी जनुकं तपासली, चारही तेच करत होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये इयन चोप्रा यांच्या गटालाही स्वतंत्रपणे उपसाच दिसला.

(शोधाचं नाव निघालं की सगळीकडे लेवी यांचंच नाव येतं. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव मॅकमरीबाईंचं आहे, हे आपलं नोंदवून ठेवतो.)

हा पंप चालतो कशावर? जंतू आपल्या पापुद्र्याबाहेर हायड्रोजनचे धनभारित कण, म्हणजे प्रोटॉन, साठवून ठेवतो. धरणात पाणी अडवावं तसे. एक प्रोटॉन आत घसरू द्यायचा आणि त्या जोरावर औषधाचा एक रेणू बाहेर ढकलायचा. औषध ओळखून मोडायला खास हत्यार लागतं. उपसायला फक्त ते पकडता यावं लागतं.

पण जंतूला पंप सुचला कसा? आपलं औषध १९४८ चं. तीसेक वर्षांत इतकी नेटकी यंत्रणा शून्यातून तयार होईल हे पटत नाही. एक उत्तर औषध बनवणाऱ्यांकडेच मिळालं. टेरामायसिन ज्या स्ट्रेप्टोमायसिस रिमोसस या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळतं, त्याच्याकडे स्वतःचा उपसा पंप आहे. साहजिक आहे. विष स्वतःच बनवायचं तर स्वतः मरायचं नाही याची सोय आधी हवी. म्हणजे पाच-दहा हजार लिटरच्या टाकीत हा सूक्ष्मजीव वाढवून आपण औषध काढतो, तेव्हा ते औषध टाकीच्या पाण्यात यायला पंपच मदत करत असतो. ज्याच्या जिवावर कारखाना चालतो त्याच्याच भाईबंदांनी औषध बाद व्हायचं, असा मामला.

दुसरं उत्तर आपल्या पोटात आहे, अगदी शब्दशः. ई-कोलायकडे टेट्रासायक्लिनच्या खास पंपाशिवाय एक मोठा पंपही असतो, त्याचं नाव एसीआर-एबी. बर्कलीच्या हिरोशी निकाइदो यांच्या प्रयोगशाळेनं १९९०च्या दशकात यावर खूप काम केलं. हा पंप काय बाहेर टाकतो याची यादी केली तर चक्रावून जायला होतं. टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, सिप्रोफ्लॉक्सासिन, रंग, साबणासारखी रसायनं. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मग याचं मूळ काम काय? तर पित्त. ई-कोलाय राहतो आपल्या आतड्यात, आणि जेवण झालं की आपलं यकृत तिथे पित्त सोडतं, जे तेलकट पदार्थांसारखंच जंतूंचे पापुद्रेही विरघळवू शकतं. ते उपसत राहिल्याशिवाय तिथे राहणं अशक्य. म्हणजे हा पंप पित्ताशी झगडण्यासाठी आपल्याच पोटात तयार होता, गोळ्या नंतर आल्या.

याचा परिणाम लेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८३ मध्येच दिसला होता. ई-कोलायला थोड्या थोड्या टेट्रासायक्लिनमध्ये वाढवलं तर जे जगले ते फक्त टेट्रासायक्लिनलाच नाही, तर कधी न भेटलेल्या औषधांनाही बधेनासे झाले. एका औषधानं पंपाचा वेग वाढवून ठेवला आणि त्याचा फायदा बाकी सगळ्यांविरुद्ध. सर्दीला (जी विषाणूंमुळे होते) "दोन दिवस अँटिबायोटिक घेऊन बघू" म्हणणारे आपण सगळे, मी धरून, हा प्रयोग घरच्या घरी करतच असतो.

२००२ मध्ये जपानच्या मुराकामी आणि सहकाऱ्यांनी या पंपाच्या मुख्य भागाची अणूपर्यंतची रचना शोधली आणि २००६ मध्ये तो चालतो कसा तेही. तीन सारखे भाग गोल बसलेले. एक औषध आत घेतो, दुसरा धरून ठेवतो, तिसरा बाहेर ढकलतो, आणि पाळी फिरत राहते. तीन सिलिंडरचं इंजिनच जणू.

आता पेनिसिलीनकडे. पेनिसिलीन पेशीच्या आत जातच नाही. ते पापुद्र्याच्या बाहेर, भिंत बांधण्याच्या कामात खोडा घालतं. मग तळघरातली मोटर अंगणातलं पाणी कसं उपसणार? तरीही एसीआर-एबी नसलेला ई-कोलाय पेनिसिलीनच्या कुळातल्या कित्येक औषधांना लवकर मरतो. या कोड्याचं उत्तर असं की ई-कोलायसारख्या जंतूंना दोन पापुद्रे असतात, आणि हा पंप दोन्ही पापुद्र्यांच्या मधल्या बोळात तोंड घालून बसलेला असतो. तिथलं औषध उचलतो आणि एका नळीतून थेट बाहेरच्या पापुद्र्यापलीकडे सोडतो. ज्या जंतूंना एकच पापुद्रा आहे त्यांना ही सोय नाही, म्हणून त्यांना पेनिसिलीन मोडण्याचाच रस्ता धरावा लागतो किंवा त्याचं लक्ष्य बदलावं लागतं.

आणि हमायसिन? बुरशाही उपसा करतात. तोंडात पांढरे चट्टे आणणारी कँडिडा ही बुरशी फ्लुकोनॅझोल तिच्या पंपांनी बाहेर फेकते. पण पिंप्रिनाचं हमायसिन ज्या गटातलं आहे ती औषधं पेशीत शिरतच नाहीत. ती बुरशीच्या पापुद्र्यालाच जाऊन चिकटतात आणि तो निकामी करतात. आत आलेल्याला बाहेर काढायचं हे पंपाचं काम, जो उंबरठ्यावरच बसून घर पाडतोय त्याचं तो काय करणार? हमायसिनचा वापर मुख्यतः वरून लावण्यापुरताच राहिला आणि आज नाव विस्मरणात गेलंय. तरी पिंपरीच्या नावाच्या जिवाकडे हे हत्यार होतं, याचं मला उगाच बरं वाटलं.

पंप कळला म्हटल्यावर दोन उद्योग सुरू झाले. एक, पंपाला पकडता येणार नाही असं औषध बनवायचं. टिगेसायक्लिन २००५ मध्ये आलं, टेट्रासायक्लिनच्या खास पंपाला ते धरता येत नाही. पण मोठे, सर्वभक्षी पंप आहेतच, त्यांचा वेग वाढलेले जंतू रुग्णालयांत सापडायला लागले. स्वतः लेवी यांनी एक कंपनी काढण्यात हातभार लावला होता, तिचं ओमाडासायक्लिन २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पुढच्याच वर्षी लेवी गेले.

दुसरा उद्योग पंपाच्या तोंडात बोळा कोंबायचा. इथे आपल्या ओळखीची मंडळी भेटतात. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं तिकडे लक्ष गेलं. त्याच सर्पगंधेतलं रिसर्पिन जंतूंचा पंप बंद पाडतं, हे १९९१ मध्ये शिकागोत नेफाख यांच्या गटानं दाखवलं. २००६ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेनं मिऱ्यातल्या पिपरिनचाही असाच गुण दाखवला. अडचण एकच. परीक्षानळीत पंप बंद पाडायला रिसर्पिन जेवढं लागतं तेवढं माणसाला दिलं तर त्याचा रक्तदाब गडगडेल. (तेव्हा "सिप्रोसोबत चिमूटभर मिरेपूड" असं फॉरवर्ड कृपया करू नका.) जंतूंच्या पंपाला बंद करणारं औषध म्हणून यातलं काहीही आजवर बाजारात आलेलं नाही.

हे सगळं इतिहासजमा वाटत असेल तर मुंबईचं बघू. डिसेंबर २०११ मध्ये हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या टीबीच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. सरकारनं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं त्या आजाराच्या नावावर हरकत घेतली. पण गाजावाजा झाला, आणि मे २०१२ मध्ये टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक झालं.

त्या वर्षअखेर अमेरिकेत बेडाक्विलिन मंजूर झालं. चाळीस-पन्नास वर्षांत टीबीसाठी आलेलं पूर्णपणे नव्या जातीचं औषध. त्याआधी अशा रुग्णांना महिनोन् महिने इंजेक्शनं घ्यावी लागायची, आणि त्यात कित्येकांचं ऐकू येणं जायचं. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन त्यातल्याच एक. भारतात २०१६ मध्ये बेडाक्विलिन फक्त सहा केंद्रांवर मिळायला लागलं, त्यात मुंबई होती. कंपनीला त्याचं पेटंट आणखी लांबवायचं होतं. त्याविरुद्ध नंदिता आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी, टीबीतून बऱ्या झालेल्या आणि औषधामुळे श्रवणशक्ती गमावलेल्या, २०१९ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयात गेल्या. मार्च २०२३ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल लागला. २०२४ मध्ये सरकारनं बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार मंजूर केला, इंजेक्शनाशिवाय.

आणि बेडाक्विलिनला टीबीचा जंतू हरवतो कसा? मुख्यतः उपशानं. त्याच्याकडे एमएमपीएल-५ नावाचा पंप आहे, जो एरवी लोह गोळा करण्याच्या कामात मदत करतो. आरव्ही-०६७८ नावाचं जनुक त्याच्यावर ब्रेक लावून असतं. हा ब्रेक तुटला की पंप जोरात चालतो आणि बेडाक्विलिन बाहेर. शिवाय क्लोफाझिमिन, म्हणजे कुष्ठरोगावरचं जुनं औषध, जे टीबीतही वापरतात, तेही त्याच पंपानं बाहेर जातं. एका बिघाडात दोन औषधं गेली. बेडाक्विलिन बाजारात यायच्या आधी घेतलेल्या नमुन्यांतही असे बिघडलेले जंतू सापडलेत.

यातली मेख कोड लिहिणाऱ्यांना लगेच कळेल. रिफाम्पिसिनच्या बाबतीत जनुकाच्या एका छोट्या पट्ट्यात बदल होतात, म्हणून जीनएक्सपर्टसारखं यंत्र तेवढ्याच ओळी तपासून दोन तासांत सांगतं. ब्रेक मात्र कुठूनही तुटू शकतो. फंक्शन बंद पाडायला त्यातली कुठलीही ओळ बिघडवली तरी चालते. त्यातले काही बदल निरुपद्रवी असतात, काही नसतात. म्हणून रुग्णाच्या थुंकीतले जंतू वाढवून, त्यांच्यावर बेडाक्विलिन टाकून ते मरतात का हे बघणं अजून चुकत नाही. टीबीच्या जंतूला एकाचे दोन व्हायला वीसेक तास लागतात. रिपोर्ट यायला काही आठवडे. तोवर रुग्ण गोळ्या घेत राहतो.